थिअरेटिकल कन्डेन्स्ड मॅटर: कोल्हापुरात एम.एस्सी. करताना तयारी कशी करायची, आणि पुढचा रस्ता किती लांब?

स्पिन_अर्धा

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्स, पहिलं वर्ष संपत आलंय, स्पेशलायझेशन सॉलिड स्टेट. आपल्याकडं जोर प्रयोगावर आहे, पातळ थर आणि त्यांचे उपयोग. मला कन्डेन्स्ड मॅटरची (पदार्थातले असंख्य कण मिळून कसे वागतात त्याची) थिअरी करायचीय, त्यातही क्वांटम मॅग्नेटिझम. क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅट मेक पक्कं आहे, सेकंड क्वांटायझेशन तोंडओळखीपुरतं. पायथॉन येतं. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा.

विचारायचंय ते असं. थिअरीचा गाइड शेजारी नसताना दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट काय घ्यावा, जो पीएच.डी.च्या मुलाखतीत टिकेल? नेट, गेट, जेस्ट, टीआयएफआर या पात्रता आणि प्रवेश परीक्षांत वेळ कसा वाटायचा? पीएच.डी.ला संस्था बघायची की गाइड? आणि प्राध्यापकीपर्यंत किती वर्षं, किती पैसे, कुठं अडतं? शेवटचं घरी आकड्यांत सांगायचंय, म्हणून आकडे दिलेत तर फार उपयोग होईल.

लॅन्झोस

प्रोजेक्टचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. मुलाखतीत पॅनेल 'टोपोलॉजी वाचली आहे' या वाक्यावर दोन मिनिटंही थांबत नाही. 'हा आकडा मी काढला आणि तो बरोबर आहे हे असं तपासलं' म्हटलं की अर्धा तास त्यावरच जातो. म्हणून लहान, पण ज्याचं अचूक उत्तर माहीत आहे असा प्रश्न घ्या.

स्पिन-१/२ हायझेनबर्ग साखळी, कडी बंद केलेली, एक्झॅक्ट डायगोनलायझेशनने (म्हणजे हॅमिल्टोनियनचं मॅट्रिक्स मांडून त्याच्या आयगेन किमती थेट काढायच्या). प्रत्येक स्थिती म्हणजे एक पूर्णांक, त्याचा एकेक बिट म्हणजे एकेक स्पिन. दोन शेजारी बिट सारखे असतील तर कर्णावर +१/४, वेगळे असतील तर −१/४, आणि वेगळे असताना दोन्ही उलटवून जी स्थिती मिळते तिच्याशी १/२ ची जोड. हॅमिल्टोनियन एवढाच. आता सगळ्यात खालच्या ऊर्जेची जुळवणी करा (जे, म्हणजे शेजाऱ्यांच्या जोडीची ताकद, १ धरून):

एकच बंध, दोन स्पिन: −०.७५, आणि +०.२५ तीनदा.
४ ची कडी: −२ नेमके.
८ ची कडी: −३.६५१०९३.
१२ ची कडी: −५.३८७३९१.
१६ ची कडी: दर स्पिनमागे −०.४४६३९३.

अनंत साखळीची दर स्पिनमागची किंमत बेथेच्या १९३१ च्या पद्धतीतून येते: १/४ वजा नैसर्गिक लॉग २, म्हणजे −०.४४३१४७. तुमच्या दर स्पिनमागच्या किमती आणि ही किंमत यांच्यातला फरक साखळीच्या लांबीच्या वर्गाने गुणून बघा. ८ ला −०.८४७, १२ ला −०.८३६, १६ ला −०.८३१ येतं, आणि ते हळूहळू −०.८२२ कडं, म्हणजे वजा पाय वर्ग भागिले १२ कडं सरकतं. त्या आकड्यात सेंट्रल चार्ज १ (कॉन्फॉर्मल फील्ड थिअरीतला ओळखीचा आकडा) आणि स्पिनॉनचा, म्हणजे साखळीतल्या उत्तेजनेचा, वेग पाय/२ दडलेले आहेत. सरकणं इतकं मंद का, तर लॉगरिदमिक दुरुस्त्या. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधून कॉन्फॉर्मल फील्ड थिअरीचा एक आकडा हाताला लागतो, आणि तो लॅपटॉपवर.

रॅमचा हिशोब आधी मांडा. १६ स्पिन म्हणजे ६५,५३६ स्थिती. पूर्ण मॅट्रिक्स साठवलं तर ३४ जीबी लागतील, बसणार नाही. एकूण एस-झेड (स्पिनचा झेड दिशेचा भाग) शून्य असलेल्या स्थितीच, म्हणजे तेवढा एकच सेक्टर, घेतला तर १२,८७०, आणि पूर्ण मॅट्रिक्स १.३ जीबी. २० स्पिनला शून्य सेक्टरमध्ये १,८४,७५६ स्थिती, पूर्ण मॅट्रिक्स २७३ जीबी, पण लॅन्झोस पद्धतीत (पूर्ण मॅट्रिक्स न साठवता टोकाच्या किमती काढणारी) एक व्हेक्टर फक्त दीड एमबीचा. ८ जीबीत विरळ मॅट्रिक्सने (फक्त शून्येतर घटक साठवून) २४ पर्यंत जाता येतं: २७,०४,१५६ स्थिती, दुसऱ्या शेजाऱ्याची जोड धरून साधारण ७ कोटी शून्येतर घटक, दर घटकाला १२ बाइट. बांधताना याच्या दुप्पट जागा लागते हे विसरू नका. साध्या पायथॉनच्या लूपने हे बांधायला घेतलं तर संपणार नाही, नम्बा (पायथॉन वेगवान करणारी लायब्ररी) वापरा.

मग दुसऱ्या शेजाऱ्याशी जोड घाला, जे-२ (आधीची पहिल्या शेजाऱ्याची जोड आता जे-१). जे-२ जर जे-१ च्या नेमका निम्मा असेल तर तो मजुमदार–घोष मॉडेल, १९६९ चा, आपल्याच देशातला. ग्राउंड स्टेटची ऊर्जा दर स्पिनमागे नेमकी −३/८. इथं तीन ठिकाणी पाय घसरतो:

सायपाय या पायथॉन लायब्ररीच्या विरळ आयगेनसॉल्व्हरला काही सांगितलं नाही तर तो परिमाणाने सगळ्यात मोठी किंमत शोधतो. या मॉडेलात सगळे स्पिन एका दिशेला असलेल्या स्थितीची ऊर्जा दर स्पिनमागे +३/८ आहे. परिमाण अगदी तेच. त्यामुळं कधी वजा येईल, कधी अधिक. 'सगळ्यात लहान बीजगणिती किंमत' असं स्पष्ट मागा.

ग्राउंड स्टेट दोन आहेत, सारख्याच ऊर्जेच्या. एका सुरुवातीच्या व्हेक्टरवरून चालणारा साधा लॅन्झोस त्यातली एकच दाखवतो. उलट फार वेळा चालवला तर लंबता बिघडून एकच पातळी दोनदा दिसते. निदान चार किमती मागा आणि १०, १२ लांबीवर पूर्ण डायगोनलायझेशनशी ताडून बघा. ट्रान्सलेशन सममिती वापरत असाल तर एक स्थिती संवेग शून्यात आणि दुसरी पायमध्ये सापडते.

४ च्या कडीत 'पुढचा दुसरा' आणि 'मागचा दुसरा' हा एकच स्पिन. प्रत्येक जागेवरून बेरीज केली तर ती जोड दोनदा मोजली जाते आणि उत्तर −१.५ येतं, सूत्राप्रमाणं. एकदाच मोजली तर −१.७५. चाचणीसाठी ४ वापरणारा इथं हमखास गोंधळतो.

आता खरा प्रोजेक्ट. जे-२ शून्यापासून वाढवत नेला की साखळी एका ठिकाणी गॅपलेस अवस्थेतून (ग्राउंड स्टेट आणि वरच्या पातळ्या यांत अंतर नाही) डायमर अवस्थेत (शेजारी स्पिन जोड्या करतात) जाते, जे-२/जे-१ = ०.२४११ ला. थेट गॅप बघून ही जागा सापडत नाही, कारण तिथं गॅप घातांकी लहान असतो. १९९२ मध्ये ओकामोटो आणि नोमुरा यांनी वापरलेली युक्ती करा: सगळ्यात खालची उत्तेजित सिंगलेट (एकूण स्पिन ०) आणि सगळ्यात खालची ट्रिपलेट (एकूण स्पिन १) या पातळ्या कुठं छेदतात ते बघा. ट्रिपलेट ओळखायला एस-झेड = १ च्या सेक्टरची सगळ्यात खालची ऊर्जा काढा. जी पातळी दोन्ही सेक्टरमध्ये दिसते ती सिंगलेट नव्हे. ८, १०, १२, १४, १६ लांबीचे छेद काढून लांबीच्या वर्गाच्या व्यस्तावर आलेख मांडा. त्या छेदात लॉगच्या दुरुस्त्या जवळजवळ उडून जातात, म्हणून एवढ्याशा साखळ्यांवरून सुद्धा उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत जातं. का उडतात, हे समजून घेणं हा प्रोजेक्टचा थिअरीचा भाग, आणि त्याला महिना द्यावा.

अहवाल दहा पानांचा पुरे. कोड सार्वजनिक गिटवर ठेवा, आणि वर दिलेल्या जुळवण्या चाचणी म्हणून त्यातच असू द्या.

दुधाळी

वरचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली. कोल्हापुरात बसून जे सहज मिळतं ते म्हणजे प्रयोगवाल्यांचा शेजार. पातळ थर बनवणाऱ्या प्रत्येक गटाला आपल्या पदार्थाच्या बँड स्ट्रक्चरची गरज असते. ती काढायची डेन्सिटी फंक्शनल थिअरी (डीएफटी) नीट येत असेल तर एम.एस्सी.तच एखाद्या पेपरवर नाव लागू शकतं, आणि त्यासाठीचा क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्राम फुकट आहे.

'नीट' याचा अर्थ सांगते. कटऑफ ऊर्जा (किती लहरी धरायच्या त्याची मर्यादा) आणि के-जाळी (संवेगाचे किती बिंदू घ्यायचे) वाढवत नेऊन एकूण ऊर्जा दर अणूमागे १ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत स्थिरावली का, हे दाखवल्याशिवाय एकही आलेख काढायचा नाही. घनता कटऑफ नॉर्म-कन्झर्व्हिंग स्यूडोपोटेन्शियलला (अणूच्या गाभ्याऐवजी वापरायचं सोपं पोटेन्शियल) लहरींच्या कटऑफच्या ४ पट पुरतो, अल्ट्रासॉफ्टला ८ ते १२ पट लागतो. तो ४ वरच ठेवला तर बल आणि ताण चुकतात, आणि प्रोग्राम तक्रार करत नाही. झिंक ऑक्साइडचा गॅप नेहमीच्या पीबीई फंक्शनलने ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो, प्रयोगात ३.३ च्या वर. 'थिअरी जुळत नाही' म्हणून यू (इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणासाठी घातलेली दुरुस्ती) ची किंमत प्रयोगाशी जुळेपर्यंत फिरवायची आणि मग 'जुळलं' लिहायचं, हे आपल्याकडं फार चालतं. मुलाखतीत यावर पहिला प्रश्न येतो: यू कुठून आणला? लिनिअर रिस्पॉन्समधून काढला, असं सांगता आलं पाहिजे.

लॅन्झोस

दुधाळी, तुमच्या तपशिलाशी वाद नाही. पण क्वांटम मॅग्नेटिझम करायचं असेल तर डीएफटी पहिलं हत्यार नको. त्या पेपरांत थिअरी करणाऱ्याचं काम बहुधा एका आकृतीपुरतं राहतं आणि प्रश्न दुसऱ्याचा असतो. पीएच.डी.चं पॅनेल विचारतं, प्रश्न कुणी काढला?

दुसरं हत्यार म्हणून एक्झॅक्ट डायगोनलायझेशननंतर डीएमआरजी घ्या, १९९२ ची स्टीव्हन व्हाइट यांची पद्धत (लांब साखळीच्या स्थितीतला महत्त्वाचा भाग तेवढा ठेवत जाणारी), टेनपाय किंवा आयटेन्सर या लायब्ररी वापरून. त्यात सुरुवातीची स्थिती सगळे स्पिन वर अशी दिली आणि एस-झेड राखायला सांगितलं तर तो कायम त्याच सेक्टरमध्ये राहील आणि दर बंधाला +०.२५ दाखवत बसेल. एक वर, एक खाली अशी द्या.

स्पिन_अर्धा

दोघांचेही आभार. ८ च्या कडीपर्यंत लिहिलं. दोन स्पिनचं बरोबर येतंय, पण ४ ला −१.६१६०२५ आणि ८ ला −३.३७४९३३ येतंय. सेक्टर बदलूनही तेच.

आणि पुढचं कुणीतरी सांगा ना: परीक्षा, गाइड, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी).

लॅन्झोस

हे दोन्ही आकडे उघड्या साखळीचे आहेत, आणि त्या साखळीसाठी अगदी बरोबर आहेत. शेवटच्या स्पिनचा पहिल्याशी बंध लागत नाहीये. लूप शेवटच्या आधीच्या जागेवर थांबतोय, किंवा 'पुढचा' काढताना लांबीने भागून बाकी घेतलेली नाही. तो बंध लागला की −२ आणि −३.६५१०९३ दिसेल. हा उघडा कोड फेकू नका, डीएमआरजी ताडायला हाच लागेल.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

परीक्षांबद्दल थोडक्यात. अभ्यासक्रम जवळपास एकच, फरक प्रश्नांच्या ढंगात. सीएसआयआर नेटला २०० गुण, तीन तास: भाग अ मधले २० पैकी १५ प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, ब मधले २५ पैकी २० प्रत्येकी ३.५, क मधले ३० पैकी २० प्रत्येकी ५. चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के कपात. म्हणजे निम्मे गुण क मध्ये. तिथं २० सोडवायचा हट्ट न धरता १२ खात्रीचे सोडवणारा पुढं जातो. जेस्ट ही अनेक संशोधन संस्थांची एकत्र चाळणी आहे, तिच्यात स्वतःची फेलोशिप नाही, ती संस्था देते. टीआयएफआरची परीक्षा वेगळी, साधारण डिसेंबरात, आणि तिच्यात सूत्रापेक्षा युक्तिवाद चालतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि आयआयटींना उपयोगी. माझा सल्ला: अभ्यास टीआयएफआर आणि जेस्टच्या जुन्या पेपरांवर करा, नेटसाठी शेवटचे दोन महिने वेगाचा सराव. उलटं केलं तर मुलाखतीत अडचण येते, कारण नेटच्या पर्यायांतून उत्तर ओळखायची सवय फळ्यावर कामाची नाही.

आता गाइड की संस्था. माझं मत स्पष्ट आहे: आधी विषयाचा गट, मग गाइड, मग संस्था. क्वांटम मॅग्नेटिझम आणि स्ट्रॉन्ग कोरिलेशनसाठी टीआयएफआर, बेंगळुरूची आयआयएससी आणि आयसीटीएस, चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची एचआरआय, कोलकात्याचं एस. एन. बोस केंद्र, आयआयटी मुंबई, पुण्याची आयझर बघा. पण नावावर जाऊ नका, आर्काइव्हवर (पेपर छापून येण्याआधी जिथं खुले ठेवतात ते संकेतस्थळ) जा. ज्या गाइडचा विचार आहे त्याचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढा आणि चार गोष्टी बघा. पहिल्या नावावर विद्यार्थी आहे का? आपल्या विषयात नावं वर्णानुक्रमे लावत नाहीत, काम करणारा पहिला आणि गाइड बहुधा शेवटी, त्यामुळं हे लगेच दिसतं. विद्यार्थी गटात आल्यापासून पहिला पेपर यायला किती काळ गेला? गटाची मुख्य पद्धत कोणती, फील्ड थिअरी, संख्यात्मक की दोन्ही? आणि जुने विद्यार्थी आज कुठं आहेत? चौथ्याचं उत्तर गटाच्या पानावर नसेल तर सध्याच्या विद्यार्थ्यांना मेल करून विचारा. यात संकोच नको, सगळे विचारतात.

पद्धत आणि प्रश्न जुळतात का हेही बघा, नाहीतर दोन वर्षं वाया जातात. फ्रस्ट्रेटेड मॅग्नेटवर (ज्यातल्या सगळ्या जोड्या एकदम समाधानी होत नाहीत) क्वांटम मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांवरून सरासरी काढायची पद्धत) लावायला गेलं की चिन्हाची अडचण उभी राहते: वजनं ऋण होतात आणि स्पिन वाढले, तापमान उतरलं की त्रुटी घातांकाने फुगते. द्विमितीय जाळीवर डीएमआरजी चालतो, पण नळकांड्याचा घेर वाढला की लागणारी बॉन्ड डायमेन्शन (स्थिती साठवणाऱ्या मॅट्रिक्सचा आकार) घातांकाने वाढते, म्हणून दहा-बारा स्पिनच्या घेरापुढं जाणं अवघड होतं. 'मोठा संगणक मिळाला की होईल' असं ज्या प्रश्नाबद्दल सांगितलं जातं, तो पहिला प्रश्न म्हणून घेऊ नये.

प्रवेशाआधी ओळख हवी. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी (उन्हाळी संशोधन कार्यक्रम) याच कामाचे, अर्ज आदल्या हिवाळ्यात सुटतात, तारखांवर लक्ष ठेवा. मेल लिहिताना दीडशे शब्द पुरेत: मी कोण, तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातल्या अमुक आकृतीचा लहान साखळीवरचा भाग मी पुन्हा काढला, त्यात हा प्रश्न पडला, सोबत अहवाल. 'रिस्पेक्टेड सर, मी अत्यंत मेहनती आहे' अशी मेल रोज येतात आणि न वाचता जातात. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग पुढचं दार.

आणि एक वाट लोक विसरतात: इटलीतल्या त्रिएस्तेचं आयसीटीपी. तिथं विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी कन्डेन्स्ड मॅटरचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, शिष्यवृत्तीसह. ज्यांच्या विद्यापीठात थिअरीचे प्रगत कोर्स झाले नाहीत त्यांच्यासाठीच तो आहे म्हणा ना.

पन्हाळा_पायथा

घरी सांगायचे आकडे देतो.

एम.एस्सी. संपताना वय २२-२३. पीएच.डी. थिअरीत पाच ते साडेपाच वर्षं. फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,०००. पाच वर्षांचे मिळून २४ लाख होतात. वर घरभाडं, पण संस्थेच्या वसतिगृहात राहिलं तर ते नाही. देशात रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० ते ६७,०००. पोस्टडॉक बहुधा दोन, प्रत्येकी दोन-तीन वर्षांचे. म्हणजे कायम नोकरीचं वय ३२ ते ३५. आयआयटी-आयझरमध्ये असिस्टंट प्रोफेसर पहिल्या श्रेणीला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, मूळ वेतन १,०१,५०० पासून. विद्यापीठात ५७,७०० पासून. दोन्हीवर महागाई भत्ता वेगळा.

अडतं कुठं, तर दोन ठिकाणी. पीएच.डी.चं दुसरं वर्ष, आणि पहिल्या पोस्टडॉकचा शेवट.

दुसऱ्या वर्षात फॉर्मॅलिझम शिकत राहण्याचा मोह असतो. ग्रीन फंक्शन, पाथ इंटिग्रल, रीनॉर्मलायझेशन, सगळं सुंदर आहे, आणि त्यातून पेपर होत नाही. दीड वर्षाच्या आत एक छोटा प्रश्न पूर्ण झाला पाहिजे, गाइडने दिलेला चालेल. दुसऱ्यात निम्मी कल्पना तुमची, तिसरा तुम्ही आणलेला. शेवटी ज्याला पोस्टडॉक द्यायचा तो हा तिसरा बघतो. आर्काइव्हची नवी यादी भारतात पहाटे साडेपाच-साडेसहाला येते. स्ट्रॉन्गली कोरिलेटेड इलेक्ट्रॉन्स हा विभाग रोज चाळायचा, शीर्षकं आणि सारांश, वीस मिनिटं. तुमचाच प्रश्न दुसऱ्याने आधी टाकला तर काम टाकून देऊ नका: त्यांनी न काढलेली राशी काढा, आठवडाभरात स्वतःचं उभं करा, त्यांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा. पहिल्यांदा टाकताना एंडोर्समेंट (तिथं आधी पेपर टाकलेल्याची संमती) लागू शकते, ती गाइडकडून आधीच घेऊन ठेवा.

जर्नलबद्दल एकच: फिजिकल रिव्ह्यू बी ला लांब, पूर्ण, तपासता येईल असा पेपर हे थिअरीत कमीपणाचं नाही. फिजिकल रिव्ह्यू लेटर्सच्या ३,७५० शब्दांत कोंबायला म्हणून वर्ष घालवू नका. सायपोस्ट लेखकाकडून पैसे घेत नाही आणि परीक्षकांचे अहवाल उघड ठेवतो, नवख्याने ते वाचावेत.

पोस्टडॉकचे अर्ज प्रबंध द्यायच्या वर्षभर आधी, सप्टेंबर ते डिसेंबर. आपल्या विषयात हाय-एनर्जीसारखी ठरलेली तारीख नाही, त्यामुळं थेट मेल करावी लागते. दोन पानांचा सीव्ही, पेपरांची यादी, दोन-तीन पानांचा रिसर्च स्टेटमेंट, तीन शिफारसपत्रं. स्टेटमेंटमध्ये केलेलं एक पान, करायचं दोन पानं, आणि करायच्यात समोरच्या गटाची पद्धत कुठं लागते ते. तीनपैकी निदान एक पत्र गाइडच्या संस्थेबाहेरचं हवं, नाहीतर तुम्हाला बाहेर कुणी ओळखत नाही असा अर्थ निघतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी आयसीटीएस किंवा ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेच्या शाळेत जाऊन बोला, पोस्टर लावा, एखादं काम एकत्र करा. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपला पीएच.डी.नंतर जास्तीत जास्त आठ वर्षांचा संशोधन अनुभव चालतो, आणि त्या देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. आधीच वर्षाहून जास्त जर्मनीत असाल तर जर्मनीसाठी अर्ज बाद, हे अनेकांना उशिरा कळतं.

परत यायचा हिशोब पहिल्या पोस्टडॉकमध्येच मांडा. इन्स्पायर फॅकल्टी पाच वर्षांची, महिना १,२५,००० आणि वर्षाला ७ लाख संशोधनाला, पण खुल्या गटाला वयाची मर्यादा ३२. २८-२९ ला पीएच.डी. झाली तर हातात तीन-चार वर्षंच. रामानुजन फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठी, ४० च्या आत, महिना १,३५,०००. दोन्ही कायम नोकऱ्या नाहीत. पहिल्या दिवसापासून त्या संस्थेत आणि बाहेर कायम जागेचे अर्ज चालू ठेवावे लागतात.

विषयाची फॅशन बदलते, याची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. ग्राफीनचे दोन थर साधारण १.०५ अंशांनी वळवले की बँड सपाट होतात हे २०११ मध्ये गणिताने सांगितलं गेलं, आणि २०१८ मध्ये तिथं सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. ज्यांच्या हातात बँडची आणि परस्परक्रियांची पद्धत तयार होती ते काही आठवड्यांत त्या प्रश्नावर बोलू शकले. त्यांचा प्रबंध ग्राफीनवर असायची गरज नव्हती. म्हणून पोस्टडॉकला प्रश्न बदलायचा असेल तर एक पद्धत सोबत न्या, किंवा पद्धत बदलायची असेल तर प्रश्न सोबत न्या. दोन्ही एकदम बदलले की पहिलं वर्ष शिकण्यात जातं, आणि दोन वर्षांच्या करारात दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुढचे अर्ज भरायचे असतात.

फॅकल्टीच्या मुलाखतीत व्याख्यान पाऊण-एक तासाचं, आणि ऐकणारे बहुतेक तुमच्या विषयाबाहेरचे. प्रयोगवाल्यालाही पहिली पंधरा मिनिटं कळली पाहिजेत. इथं आपल्या विद्यापीठातली पातळ थरांची सवय उपयोगी पडते: कुठली राशी मोजता येते, कुठली नाही, हे माहीत असलेला थिअरीवाला पॅनेलला आवडतो. न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये तुमचं उत्तर कसं दिसेल ते सांगता यावं.

स्पिन_अर्धा

घरी दाखवायला हे पुरेसं आहे, मनापासून आभार. एकच राहिलं: ३३-३४ ला जागा मिळाली नाही तर? आणि कोल्हापुरातच परत यायचं असेल तर?

दुधाळी

दोन्हीचं उत्तर आत्ताच्या एका कामात आहे: सेट, म्हणजे राज्याची सहायक प्राध्यापक पात्रता परीक्षा, द्या. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं, फिजिकल सायन्सेस हा विषय आहे, कोल्हापूर केंद्र आहे, आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना बसता येतं. खुल्या गटाला एम.एस्सी.ला ५५ टक्के, राखीव गटांना ५० हवेत. एकदा पास झालं की पात्रतेची मुदत संपत नाही. नेटसाठी केलेला अभ्यास विषयाच्या पेपरला पुरतो, फक्त अध्यापन-संशोधन अभियोग्यतेच्या पहिल्या पेपरला थोडा वेगळा वेळ द्या.

पण सेट म्हणजे जागा नव्हे, हे घरी स्पष्ट सांगा. अनुदानित कॉलेजांत पूर्णवेळ भरती थांबून थांबून होते, आणि मधल्या काळात बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. तिथं तासाप्रमाणं पैसे, सुट्टीत काही नाही. पोस्टडॉक सोडून लगेच त्यावर यायचं ठरवू नका. विद्यापीठाच्या विभागातल्या जागा आल्या तर आठ-दहा वर्षांचं प्रसिद्ध काम तिथं वजनदार ठरतं. पण तिथं थिअरीच्या एकट्या माणसाने काय करायचं याचा आराखडा अर्जातच द्या: संगणकाला लागणारा खर्च, पुण्याच्या आयझरसारख्या ठिकाणी सहकार्य, आणि एम.एस्सी.ला कोणते दोन पेपर शिकवाल.

शिक्षणाबाहेर जायचं झालं तर लॅन्झोस यांनी सांगितलेली शिस्त, म्हणजे विरळ मॅट्रिक्स, चाचण्या, गिट, हीच पुण्या-बेंगळुरूच्या सिम्युलेशन आणि डेटाच्या कंपन्यांत विचारली जाते. त्यासाठी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी सी++ किंवा ज्युलियात एक मोठा कोड स्वतः लिहिलेला असावा, दुसऱ्याची लायब्ररी चालवलेली नव्हे. सेटचा अर्ज सुटला की मी इथं टाकते.